साधने सांगा, गुण तीन

बालभारतीच्या सातवीच्या इतिहासाचा पहिला धडा ‘इतिहासाची साधने’. आठवीचाही पहिला धडा तोच. भौतिक, लिखित, मौखिक हे तीन प्रकार अंधेरीतली पोरे झोपेतही म्हणून दाखवतात. साधन पाहिलंय का, असे मात्र त्यांना कुणी विचारत नाही. तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

याच अंधेरी पूर्वेला महाकालीची, म्हणजे कोंडिविट्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीत, पाली भाषेत दानलेख कोरलेला आहे. रस्त्याला नाव लेण्यांचे, बसथांब्याला नाव लेण्यांचे. शाळेची सहल मात्र इमॅजिकाला. पालकांचीही तक्रार नसते, कारण शिलालेखाजवळ घसरगुंडी नाही.

कागद बघायचा तर लोकलने चर्चगेट गाठावे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, स्थापना 1821. साष्टी मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेल्याला तेव्हा अर्धशतकही उलटले नव्हते. अंधेरी याच साष्टीतली. पण एखाद्या अस्सल पत्राची झेरॉक्स वर्गात आणली, तर पहिली अडचण लिपीची: मोडी वाचणार कोण? दुसरी त्याहून गंभीर. पत्र वाचून दोन मुलांनी दोन वेगळे निष्कर्ष काढले, तर आदर्श उत्तरपत्रिकेत बरोबर कुणाचा?

वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. आज परीक्षेला बसते, तर त्यांना तीनच प्रकार लिहायचे होते. उदाहरणांसह लिहिले असते तर पैकीच्या पैकी.