पॅकिंग गेलंय!

लालबाग-परळच्या चाळीत कुणी बुलेटखाली पुठ्ठा सरकवला, की समिती बसलीच. गॅलरीतून निदान येतं, "पॅकिंग गेलंय." दुसरा म्हणतो, ऑइल सील. १९८२ च्या संपाआधी गिरणीत फिटर असलेले काका बोलत नाहीत. ते थेट पाना मागतात.

खरं तर तेल ठिबकतं तिथूनच ते गळतं असं नाही. वाऱ्याने ते मागे पसरतं. आधी इंजिन रॉकेलने पुसावं (रॉकेल हल्ली मिळतं कुठे, हा वेगळा लेख), सुकल्यावर टाल्कम पावडर मारून गाडी सुरू करावी. पावडर पहिल्यांदा ओली होते तिथे रोग. पण घरचा पावडरचा डबा इंजिनावर उपडा करण्याची हिंमत कुणाची? त्यापेक्षा पान्यात पाइप घालून आवळणं सोपं. बोल्ट पोलादी, कवच ॲल्युमिनियमचं. आटे गेले, की साध्या वॉशरचं काम लेथवाल्याकडे जातं.

समिती तरीही निवांत. "जुन्या बुलेटचं तेल गळतंय ना? म्हणजे तेल आहे. गळायचं थांबलं की घाबर!"

एवढा धीर मिळाल्यावर मालक ऑपेरा हाउसला वॉशर आणायला निघतो. बेस्टच्या बसने.