आठ रुपयांचं ताट

अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज किती खायला द्यायचं, हे कायद्यातच लिहिलं आहे. मूळ कायद्यात ते होतं 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं मूळ परिशिष्ट उघडा, सापडेल. निकष चांगला आहे. आता त्यासाठी पैसे किती, ते विचारा.

आठ रुपये.

एका मुलामागे, एका दिवसाला, केंद्र आणि राज्य मिळून. हा दर 2017 मध्ये ठरला. त्यानंतर तेल, तूरडाळ आणि सिलिंडर कुठे पोहोचले, हे घर चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. दर वाढवू, असं केंद्राच्या अर्थसंकल्पात म्हटलं गेलं ते 2025 मध्ये. नुसतं म्हणायला सात वर्षं! सरकारी कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा विचार वर्षातून दोनदा होतो, आणि तो व्हायलाच हवा. मग महागाई फक्त मोठ्यांनाच लागते का?

साधा हिशेब करा. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे मूळ कायद्यातल्या वाट्याचा जवळपास निम्मा भाग एकाच उकडलेल्या अंड्यात मिळतो. पण अंड्याला बाजारात सहा-सात रुपये पडतात. उरलेल्या रुपया-दोन रुपयांत डाळ, तेल, भाजी आणि गॅस कोण बसवून दाखवतो?

म्हणून अंडंच ताटातून जातं.

आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना महिन्यातले 16 दिवस अंडं किंवा केळी मिळते. उत्तम योजना. मग जव्हारच्या पोराला जे हवं, ते लातूरच्या पोराला नको? वाढ खुंटते ती तालुका बघून खुंटत नाही. बरं, शाळेत गेल्यावर तरी अंडं मिळेल म्हणावं, तर जानेवारी 2025 मध्ये राज्याने शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी बंद केला आणि लोकवर्गणीतून सोय करा, असं शाळांना सांगितलं. मुलांची प्रथिनं वर्गणीवर!

तीन वर्षांच्या आतल्यांची गत आणखी वाईट. त्यांना टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची पाकिटं. पाकीट घरी येतं, मूल दोन घास खाऊन तोंड फिरवतं, उरलेलं गुरांपुढे जातं. हे सेविकेला माहीत आहे, पर्यवेक्षिकेला माहीत आहे, मंत्रालयाला माहीत नसेल?

पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, गावातल्या बायकांचे गट हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच बजावलं होतं. तरी 2019 मध्ये त्याच न्यायालयाला महाराष्ट्रातली हजारो कोटींची पोषण आहाराची कंत्राटं रद्द करावी लागली. पंधरा वर्षांत लहान मुलांची एक अख्खी पिढी अंगणवाडीतून बाहेर पडली.

आणि 2025 च्या जुलैपासून काय सक्तीचं झालं? चेहरा. टीएचआर घेताना लाभार्थीचा चेहरा फोनमध्ये जुळला पाहिजे. डोंगरातल्या पाड्यावर रेंज शोधत सेविका फोन वर धरून फिरते. चेहरा जुळला की नोंद पूर्ण. पाकिटातलं कुणाच्या पोटात गेलं, याची नोंद कुठे आहे?

ती आहे, पण दुसरीकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. 2015-16 मध्ये राज्यातली पाच वर्षांखालची 34.4 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. 2019-21 मध्ये 35.2 टक्के. एवढे निकष, एवढी ॲप्स, आणि आकडा वर!

प्रत्येक अंगणवाडीत अंडं द्या, न खाणाऱ्याला केळी द्या. आहाराचा दर महागाईशी जोडून दरवर्षी वाढवा. आणि शिजवून घालणाऱ्या बचत गटांची बिलं महिनोन्महिने थकवू नका. बिल थकलं की किराणावाला उधारी बंद करतो आणि त्याच आठवड्यात उसळ पातळ होते. निवडणुकीच्या तोंडावर लाखो खात्यांत पैसे वेळेवर पडतात. बचत गटांचं खातंही त्याच बँकेत आहे.