राजमान्य राजेश्री फर्मवेअर यांसी अनावृत पत्र

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

संगणकाची कळ दाबल्यापासून कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपवीपर्यंत आपणच एकटे सर्वाधिकारी असता, आणि प्रोसेसरला कोणकोणत्या निद्रा येतात याची यादी त्या अल्पावधीत तयार करून दप्तरी दाखल करणे हे आपल्या कर्तव्यांपैकी एक आहे. ती यादी वाचण्याचे प्राक्तन ज्यांच्या वाट्यास आले आहे, त्यांच्या वतीने हा अर्ज.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ साली एसीपीआय नावाचा जो कायदा सिद्ध केला, त्यात सी-० ही जागृती, सी-१ ही डुलकी आणि सी-२, सी-३ या उत्तरोत्तर गाढ अवस्था ठरल्या, व जागे होण्यास लागणारा विलंब मायक्रोसेकंदांत नोंदवावा, तो सी-२ साठी १०० हून किंवा सी-३ साठी १००० हून अधिक भरल्यास ती अवस्था उपलब्धच नाही असे समजावे, असा दंडक पडला. नकाराची ही तऱ्हा मला परम सुसंस्कृत वाटते: नाही म्हणून तोंड वाईट करायचे नाही, रकान्यात १०१ लिहून मोकळे व्हायचे! पण हाच आकडा खोटा पडला तर केवढा अनर्थ ओढवतो, याची आपणांस वार्ता नसावी. विलंब फुगवून लिहिला की कार्यप्रणाली त्या निद्रेच्या वाटेस सहसा जात नाही व बॅटरी फुकट जळते, आणि कमी लिहिला की गाढ झोपलेला प्रोसेसर वेळेवर उठत नाही व चालू गाणे अडखळते.

शिवाय आपल्या दप्तरी सी-३ म्हणून नोंदलेली असामी सिलिकॉनमध्ये पुष्कळदा सी-६ किंवा सी-७ निघते. कायद्यास हे मंजूर आहे, हे खरे. वाचणाऱ्याची मात्र फसगत होते. अखेर २०१० साली लिनक्सवाल्यांनी इंटेलच्या प्रोसेसरांसाठी स्वतःचीच यादी पदरी बाळगली आणि आपला कागद बाजूस सारला. (२०२० पासून काही प्रोसेसरांपुरता तो पुन्हा पाहिला जातो, इतका मान पुरे.)

परंतु आपली खरी सत्ता यादीत नाहीच. सबंध पॅकेजने, म्हणजे अख्ख्या चिपने, किती गाढ झोपावे याची मर्यादा ज्या रजिस्टरात असते, त्यास आपण कुलूप ठोकता, आणि ते पुढील रीसेटपर्यंत कोणासही उघडत नाही. कार्यप्रणाली कितीही खोल निद्रेचा हुकूम सोडो, मर्यादेपलीकडे काही घडत नाही, आणि तसे घडले नाही म्हणून कोठे तक्रारही नोंदली जात नाही. टर्बोस्टॅट नावाचे तपासणीचे साधन चालवून पॅकेजच्या रकान्यातील शून्ये पाहावीत, तेव्हा उलगडा व्हावा! आपल्या मेनूत मात्र त्या जागी ‘ऑटो’ हे निरागस अक्षरद्वय झळकत असते.

तरी विनंती एवढीच की, पुढील आवृत्तीच्या टिपणात ‘स्थैर्यात सुधारणा’ असे मोघम न लिहिता, कोणती निद्रा बहाल केली व कोणती जप्त केली, ते एका ओळीत नमूद व्हावे. बहुत काय लिहिणे? लोभ असावा.

आपला,
एक जागरणग्रस्त