ड्रॉपकाका

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. शेजारच्या खोलीतून बायकोने मारलेली हाक त्यांना ऐकू येत नाही, पण पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की तिसऱ्या मजल्यावर कळतं. लगेच बनियनवर शर्ट चढवून खाली. एका हातात रबरबँड गुंडाळलेला मल्टिमीटर, दुसऱ्यात दोन वायरी जोडलेला हेडलाइटचा जुना बल्ब आणि तोंडात एकच प्रश्न : "ड्रॉप बघितलात का?"

ड्रॉप म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. बॅटरीतून निघालेला दाब यंत्रापर्यंत पोचेस्तोवर वाटेत कुठे, किती खर्ची पडला, त्याचा हिशेब. काकांच्या मते जगातल्या सर्व दुःखांचं मूळ यात आहे. एका लग्नात भटारखान्यातून जिलेबीची परात निघालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली, पंक्तीत मात्र ती आलीच नाही. काका पानावरून उठले आणि "मध्ये ड्रॉप आहे" म्हणत वाढप्यांच्या मागावर गेले. (ड्रॉप वरमाईच्या माहेरच्या मंडळींत निघाला.) रस्त्याच्या कामासाठी मंत्रालयातून निधी पूर्ण दाबाने निघतो आणि आमच्या गल्लीत फक्त उद्घाटनाचा फलक पोचतो, यावर त्यांनी वॉर्ड ऑफिसात जे विवेचन केलं, त्यानंतर तिथला शिपाई त्यांना गेटवरच "साहेब नाहीत" सांगतो.

तर माझ्या मेव्हण्याने सेकंडहँड जर्मन गाडी घेतली, एअर सस्पेन्शनवाली. स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे. रात्री ताठ उभी केलेली गाडी सकाळी मागून बसलेली असायची, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. वर्कशॉपने स्कॅनर लावला, कोड वाचला आणि नवा कंप्रेसर बसवून पाच आकडी बिल दिलं. दिवा पुन्हा लागला. आता म्हणे कंट्रोल युनिट बदला.

"अहो पाहुणे, स्कॅनर म्हणजे चौकीतला ठाणे अंमलदार," काका म्हणाले. "तक्रार लिहून घेतो. चोर पकडत नाही."

मग तपास सुरू झाला. आधी जॅकवरच्या गाडीखाली घोड्या न लावता वाकणाऱ्या मेव्हण्याला त्यांनी कॉलर धरून मागे ओढलं. मग फुग्यांवर साबणाचं पाणी. एका जोडाशी बारीकसा बुडबुडा आला, मेव्हणा आनंदला. "एवढी गळती धडधाकट कंप्रेसर सहज भरून काढतो. हा का काढत नाही?" मग उंची मोजणारे सेन्सर : पाच व्होल्टचा पुरवठा, दांडी हाताने हलवली की आकडा अर्ध्यापासून साडेचारपर्यंत सरकत जायला हवा, मध्येच उडी मारता कामा नये. मारली नाही. रिले उपटून हुंगला. "याचे कॉन्टॅक्ट चिकटले की कंप्रेसर थांबतच नाही, चालून चालून जळतो. हा ठीक आहे."

कंप्रेसरच्या प्लगवर मीटरने 12.6 दाखवले. मेव्हणा म्हणाला, "वीज तर येतेय!" काकांनी त्याच्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मी आजवर फक्त संतांच्या तसबिरींत पाहिली आहे. "केबलीत एक तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण दाब दाखवतो. ओझं टाका, मग खरं बोलतो." बल्ब जोडला, पिवळट पेटला. मग प्लग परत लावून कंप्रेसर चालू केला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कंप्रेसरच्या अर्थिंगच्या वायरीला. इथे शून्याच्या आसपास हवं. आकडा साडेतीनवर गेला.

"सापडला!" अशा आवाजात ओरडले की वॉचमन काठी घेऊन धावत आला.

चाकाच्या कमानीमागे, चिखलात, अर्थिंगचा एक बोल्ट गंजला होता. तिथेच दाब मरत होता. कंप्रेसर कण्हत होता, गाडी उचलायला वेळ लावत होता आणि कंट्रोल युनिट कंटाळून दिवा लावत होतं. पॉलिश पेपर, थोडं व्हॅसलिन, आवळलेला बोल्ट. गळका जोडही बदलला. गाडी उठली.

हा माणूस असह्य आहे, यात शंका नाही. पण मोजल्याशिवाय काहीही न मानणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही, हेही कबूल करावं लागतं. नोकरी टेलिफोन खात्यात गेली. पावसाळ्यात खड्ड्यात उतरून तांब्याच्या शेकडो जोड्यांतली ओली झालेली एक जोडी शोधायची, की कुणाच्या तरी घरी फोन खणखणायचा. पुढे ते फोनच गेले. उपसलेली केबल ट्रकमधून भंगारात जाताना काका फाटकाशी उभे राहून बघत होते, असं काकू सांगतात. ते स्वतः हा विषय काढत नाहीत.

मेव्हण्याने महिन्याभरात ती गाडी विकली. काका त्याच्याशी बोलेनासे झाले. "चांगली झालेली गाडी कुणी विकतं का?" आता त्याच्याकडे साध्या स्प्रिंगची कोरी गाडी आहे. परवा तो आला, तेव्हा काका अबोला विसरून खाली आले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायर दाबून पाहिला आणि आशेने म्हणाले, "पाहुणे, हॉर्न जरा बारीक वाजत नाही का?"