सूचीतून शिरणारे सर

वसईजवळच्या नंदाखाल, आगाशी, वटार, निर्मळ या पट्ट्यात नवं पुस्तक शिरलं की त्याचा निकाल लावणारा एक गृहस्थ असतोच. तो शाळेत शिकवत असेल, बँकेतून निवृत्त झालेला असेल, नाहीतर उभा जन्म विरार-चर्चगेट लोकलमध्ये घालवलेला असेल. गाव त्याला सरच म्हणतं. कथा-कादंबरी सरांना चालत नाही. मुळातच खोटं म्हणून सांगितलेलं आहे, त्यात चूक काढायची कशी, ही त्यांची अडचण. बाकी काहीही चालतं : पेशवाई, पोपचं चरित्र, शेअर बाजार, मधुमेह, मेंदू, हवामानबदल. प्रत्येकावर मत तयार असतं, आणि ते चहा यायच्या आत देऊन होतं. लोकांना हसू येतं ते याचं की सर पुस्तक मागून उघडतात. आधी सूची, सूचीत ‘व’, ‘व’मध्ये वसई. ते पान सापडलं की खिशातली पेन्सिल निघते. मराठी पुस्तकाला बहुधा सूची नसते, मग सर एकेक पान उलटत वसई शोधतात आणि तेवढ्या श्रमाचा राग निकालात धरतात. हे सगळं हास्यास्पद दिसतं यात वाद नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की छापून येणाऱ्या बऱ्याचशा पुस्तक-परीक्षणांपेक्षा सरांची पद्धत प्रामाणिक आहे, कारण परीक्षणकर्ता बहुतेक वेळा आपल्याला न कळणाऱ्या पानांची स्तुती करतो आणि सर कळणाऱ्या पानावर बोट ठेवतात.

आता वसई हे पान साधं नाही. तिच्या नावाचे दोन तह आहेत. पहिला 1534चा, गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना मुलूख दिला तो. दुसरा 31 डिसेंबर 1802चा, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांच्या पदरात पेशवाई टाकली तो. मध्ये 268 वर्षं गेली, तरी घाईच्या लेखकाच्या हातून हे दोन तह एकमेकांत मिसळतात. 1739 साली किल्ला घेतला चिमाजी आप्पाने. श्रेय मात्र थोरल्या बाजीरावाच्या खात्यात जमा होतं. इथल्या ख्रिस्ती माणसाला तर कुणीही कुठलाही करून टाकतं. कुणी त्याला गोव्याहून आलेला ठरवतं, कुणी कोकणी बोलायला लावतं. नंदाखालच्या घरात कादोडी, म्हणजे सामवेदी बोली चालते आणि शाळेत-चर्चमध्ये मराठी, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो इथे पाऊल न टाकता लिहितो आहे हे सर ओळखतात. ‘ईस्ट इंडियन’ हे या ख्रिस्ती समाजाचं नाव 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात मुंबईच्या मंडळींनी रीतसर उचललं. पुस्तकात ते पोर्तुगीजांच्या काळात दिसलं, की समासात पेन्सिलीचा फुलीगोळा सुरू होतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. सहाशे पानांचं पुस्तक एका पानावरून नापास करायचं हा कुठला न्याय? शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत तळाचं करपलेलंही असू शकतं. सरांच्या बाजूने एवढं सांगता येईल की ते चुकीचीही प्रतवारी लावतात. 1739चं 1793 झालं असेल तर ते आकडा सुधारतात आणि पुढे जातात. ते पाप मुद्रितशोधकाचं. चिमाजीच्या जागी बाजीराव आला, तर मात्र लेखकाने मूळ साधन उघडलेलंच नाही. जो इथे ऐकीव माहितीवर भागवतो तो पॅरिसबद्दल लिहिताना एकाएकी कष्टाळू होईल, असं मानायला आधार काय? माणसाची सवय पानागणिक बदलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा : ही निव्वळ गावकी झाली, ज्याने वसईला बरं म्हटलं तो लेखक बरा. सरांची खरी कसोटी इथेच लागते. बायबलमध्ये शलमोन राजाचं सोनं ओफीरहून येतं आणि ओफीर म्हणजेच आपलं सोपारा, असं काही विद्वानांनी सुचवलेलं आहे. नंदाखालच्या श्रद्धाळू माणसाला याहून गोड वाक्य ते कुठलं? बायबल आणि बाजूचा गाव एकाच ओळीत! सर ते वाक्य दोनदा वाचतात, चष्मा पुसतात, तिसऱ्यांदा वाचतात, आणि मग जड हाताने समासात ‘पुरावा?’ असं लिहितात. सोपाऱ्याला शलमोनाची उसनवारी लागत नाही, असं त्यांचं मत. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले, 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. एवढं ज्याला पुरत नाही तो इतिहासकार नव्हे, जमिनीचा दलाल. (आणि दलालांची या भागात आता टंचाई नाही.) स्वतःच्या गावाची खोटी स्तुती खोडणाऱ्याला गावकीचा माणूस म्हणता येत नाही.

ज्या पुस्तकात वसई नाहीच त्याचं काय? सर तिथेही रिकाम्या हाताने परत येत नाहीत. विज्ञानाच्या, अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांत हल्ली केळं फार येतं : जगभर एकच जात, तिला रोग, मग एके दिवशी जगातलं केळंच संपणार. सरांच्या वाडीत राजेळी उभी असते, तिचीच सुकेळी होते, शेजारी बसराई. निर्यातीचं केळं म्हणजे अख्खं केळं असं समजणारा लेखक जागतिक व्यापारावर तीनशे पानं कसा बोलतो हे त्यांना पाहायचं असतं. म्हणून ते पुस्तक ते पूर्ण वाचतात, रागारागाने. आत्मचरित्रापुढे मात्र त्यांचा इलाज चालत नाही. लेखकाचं बालपण तपासायला सूची कुठून आणायची? तिथे ते ‘भाषा ओघवती आहे’ असं म्हणतात, आणि सर हरले हे ऐकणाऱ्याला कळतं.

आपल्या माणसालाही सूट नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो या भागातले. ‘सुबोध बायबल’ला 2013चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, 2020 साली उस्मानाबादला ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अभिमानाने सरांनी पेढे वाटले असतील, पण पुस्तक हाती आलं तेव्हा पेन्सिल खिशातच राहिली असेल असं समजू नये. उलट गावचा माणूस अध्यक्ष झाल्यापासून संमेलनाची अब्रू आपल्या समासावर आहे, असं त्यांना वाटू लागलं.

मग इतकं ठाऊक असताना स्वतः का लिहीत नाही, असं त्यांना सगळे विचारतात. सामग्री तयार आहे, 1882चं ठाणे गॅझेटियर उशाशी आहे, वह्या भरलेल्या आहेत. पण त्याचं पुस्तक व्हायचं म्हणजे ते आगाशीला जाणार. आगाशीलाही एक सर आहेत.