काटा वर, लक्ष भलतीकडे

चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली घाट चढावा लागतो. आमचे साडू अण्णा यांच्याबरोबर जायचं तर तो दोनदा चढावा लागतो, एकदा गाडीतून आणि एकदा त्यांच्या बोलण्यातून. अण्णांचं लक्ष एका जागी ठरत नाही, ही घरातली जुनी तक्रार. त्यावर सल्ले भरपूर झाले. कुणी ब्राह्मी सांगितली, कुणी रात्री भिजवलेले बदाम, कुणी निरांजनाच्या ज्योतीवर त्राटक. अण्णा त्राटकाला बसले, निरांजनात तूप कमी आहे एवढं त्यांना दिसलं, आणि ते तूप आणायला बाजारात गेले. येताना भोपळा घेऊन आले.

पोफळीपर्यंत सारं ठीक होतं. तिथे अण्णांनी स्टिअरिंगवरचे हात उचलून कोयना प्रकल्प समजावायला घेतला. "धरण वर घाटमाथ्यावर, वीजघर इथे डोंगराच्या पोटात! पाणी बोगद्यातून खाली कोसळतं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीला मिळतं. १९९९ साली तर धरणाच्या शिवसागर जलाशयाला तळातून भोक पाडलं, लेक टॅपिंग!"

मागून आमची सौ. म्हणाली, "दाजी, एसीतून गरम वारा येतोय."

"हो ना, देशातलं पहिलं," अण्णा म्हणाले.

चढ लागला. एप्रिलचं ऊन, दुसरा गिअर आणि पुढे रडतखडत चढणारा ट्रक. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला तेव्हा अण्णा माकडांच्या सवयींवर बोलत होते. बोनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा ते म्हणाले, "बघा, एप्रिलात धुकं!"

गाडी कठड्याशी लावली आणि बोनेट उघडलं. सत्यनारायणाच्या प्रसादाला जमावीत तशी माणसं न बोलावता जमली. एक मोटारसायकलवाला हातात फडकं घेऊनच पुढे झाला. "रेडिएटरचं झाकण काढा, पाणी ओता." तेवढ्यात मागून आलेल्या एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून गरजला, "हात लावू नका! तोंड भाजेल!" त्याचं खरं होतं. झाकणाखाली पाणी दाबात असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघालं की ते एकदम उकळतं आणि उघडणाऱ्याच्या अंगावर येतं.

एसटी थांबल्यामुळे सल्लागारांची संख्या वाढली. एक गुरुजी म्हणाले, "हेड गॅस्केट गेलं. माझंही असंच गेलं होतं," आणि त्यांनी आपल्या गाडीचा खर्च हप्त्यांसकट सांगितला. दुसऱ्याचा वॉटर पंप गेला होता, म्हणून त्याच्या मते आमचाही पंपच. तिसरा म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून फेका, ते थंड देशांचं खूळ." ज्याला जो आजार होऊन गेला, तो त्याने मोकळ्या मनाने आमच्या गाडीला देऊ केला. आत वाकून मात्र कुणी पाहिलं नाही.

अण्णांनी पुण्याच्या इंजिनिअर भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "हीटर फुल लावा, इंजिनची उष्णता आत ओढून घेतो." अण्णा इंजिन चालू करून, हीटर लावून आत बसले. काटा होता तिथेच राहिला, अण्णा लालबुंद झाले. थोड्या वेळाने भाचा म्हणाला, "मामा, हे काटा चढायला लागल्यावर लगेच करायचं असतं. वाफ आल्यावर इंजिन बंद!"

मग एक आंब्याच्या पेट्यांचा टेंपो थांबला. ड्रायव्हर उतरला, इंजिनकडे पाहिलं आणि म्हणाला, "अर्धा तास कुणी काही करू नका." एवढं अवघड काम गर्दीला आजवर कुणी सांगितलं नसावं. करायला काही नाही म्हटल्यावर एसटी निघून गेली, गुरुजी खिडकीतून हेड गॅस्केटची आठवण देत गेले.

गाडी निवल्यावर त्याने पाणी भरलं, इंजिन चालू करायला लावलं, एसीचं बटण दाबलं आणि कान दिला. मग विचारलं, "एसी गरम कधीपासून येतोय?"

"पोफळीपासून," सौ. म्हणाली. "मी सांगितलं होतं."

"वहिनींनी सांगितलं तेव्हाच थांबायचं. रेडिएटरचा पंखा बंद आहे, आणि एसीलाही तोच पंखा गार ठेवतो. सपाटीला धावत्या गाडीला वारा लागतो, म्हणून भागतं. चढाला गाडी हळू, वारा नाही. तिथे पंखाच पाहिजे." त्याने बोनेटखालच्या डबीतून पंख्याचा जळलेला फ्यूज काढला. मागच्या काचेचा डिफॉगर चालवणारा फ्यूजही तसाच हिरवा, ३० अँपिअरचा होता. "एप्रिलात त्याचं काय काम?" असं म्हणत तो इथे बसवला. पंखा घरघरला. "पुन्हा उडाला तर पंख्याची मोटर जाम समजा. कराडला दाखवा." पैसे न घेता तो निघून गेला.

हेळवाकला चहाला थांबलो. समोर एका गाडीचं बोनेट वर होतं. अण्णा चहा टाकून धावले. "डिफॉगरचा फ्यूज काढा, हिरवा!"

"काका, मी काच धुवायचं पाणी भरतोय," तो माणूस म्हणाला.

"असू दे. आधी वहिनींना विचारा, एसी गार येतो का?"

आतून त्याच्या बायकोने काच खाली करून तीनदा सांगितलं, गार येतोय. अण्णा तोवर त्याला हेड गॅस्केटचा खर्च सांगत होते, हप्त्यांसकट.