रा. रा. यू/ए १३+ यांस

मु. पो. टीव्हीचा पडदा, वरचा डावा कोपरा



आपल्यामागे कामाचा केवढा व्याप असतो याची मला कल्पना आहे. मालिका सुरू झाली की कोपऱ्यात उगवायचं, पापणी लवेपर्यंत थांबायचं आणि अंतर्धान पावायचं. एवढ्या धकाधकीत पत्र वाचायला सवड कुठली! पण आमच्या घरी अकरा वर्षांची मुलगी आहे आणि तिला ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका बघायची आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती बघितली आहे, असं ती सांगते. (वर्गातली ही निम्मी मुलं नेहमीच सगळं बघून मोकळी झालेली असतात.) भांडण मिटेना, तेव्हा म्हटलं, निवाडा आपल्याच दरबारी मागू. आपण काही ऐरेगैरे नव्हेत. केंद्र सरकारच्या २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवर आपली नेमणूक केली. यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए, अशी आपण पाच भावंडं.

म्हणून नियम उघडून आपलं म्हणणं वाचलं. तेरा वर्षांच्या आतल्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावं, असं आपण म्हणता. वा! म्हणजे पालकांनी आपल्याला विचारायचं आणि आपण पालकांकडे बोट दाखवायचं. तलाठी म्हणतो तहसीलदारांना भेटा, तहसीलदार म्हणतात तलाठ्याला विचारा, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की तलाठी दिसतो तरी.

शिवाय आपल्या घराण्यात सात आणि तेरा यांच्या मधे कुणी जन्मालाच आलेलं नाही. आठ ते बारा ही वर्षं मुलं मामाच्या गावाला काढतात, अशी आपली समजूत असावी. भुताच्या मालिकांसाठी खरा हट्ट चालतो तो नेमका याच वयात. सातव्या वर्षी मूल स्वतःच उशीत तोंड खुपसतं. पंधराव्या वर्षी ते आपल्याला न विचारता बघतं.

अमेरिकेतले आपले चुलतभाऊ टीव्ही-१४ तर आपल्याहून थोर. या मालिकेच्या कपाळावर तेच बसले आहेत. गोष्ट इंडियाना राज्यातल्या हॉकिन्स गावातली, १९८३च्या नोव्हेंबरातली. बारा वर्षांचा विल गायब होतो आणि त्याच्याच वयाचे दोस्त सायकली काढून त्याला शोधायला निघतात. चौदाचा आकडा लावल्यामुळे या पोरांना स्वतःची गोष्ट बघायची तर आधी त्यांच्या आईबापांना सावध करायला हवं. जुलै २०१६मध्ये पहिला सीझन आला तेव्हा विलचं काम करणाऱ्या नोआ श्नॅपला बारावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. अकराव्या वर्षी राक्षसाच्या तावडीत सापडायला हरकत नाही, सोफ्यावर बसून ते बघायला मात्र चौदा हवीत!

आता आपण ज्याला ‘भीती’ म्हणून एका शब्दात उरकता तिच्याकडे वळू. पाकळ्यांसारखं तोंड उघडणाऱ्या त्या राक्षसाला आमची मुलगी भीक घालत नाही. तो कसा बनवतात हे ती मलाच समजावून सांगेल. पण तिसऱ्या भागाच्या शेवटी खाणीतल्या पाण्यातून एका मुलाचं प्रेत बाहेर काढतात. दोस्त काठावरून ते बघतात आणि त्यांच्यातला माइक घरी जाऊन आईला बिलगतो. शिवाय विलची आई जिवाच्या आकांताने सांगत असते की माझा मुलगा दिव्यांमधून माझ्याशी बोलतोय, आणि सगळं गाव तिला भ्रमिष्ट ठरवतं. अकराव्या वर्षी झोप उडते ती अशानं. मोठी माणसं खरं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत, आई असूनही काही करू शकत नाही, ही भीती दिवा लावून जात नाही.

आणि २०२२चा चौथा सीझन? तिथे वेक्ना नावाचा राक्षस शाळकरी मुलीला हवेत अधांतरी उचलतो आणि तिची हाडं कडाकडा मोडतो. आकडा तोच, चौदा! सहा वर्षांत मालिका कुठल्या कुठे गेली, पाटी जागची हलली नाही. आपल्याकडे ओटीटीवर कुणी सिगारेट पेटवली की खाली तंबाखूचा इशारा झळकवायचा, असा २०२३पासून नियम आहे. हाडं मोडणाऱ्याने बिडी ओढली असती तर निदान तेवढी काळजी घेतली गेली असती.

राग मानू नका, पण आकड्यावाचूनही हे काम जमत असे. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ही लिहिलं. त्यातल्या चेटकिणीला बघून थिएटरमधली पोरं किंचाळतात आणि त्याच दमात हसतात. कुणाला किती घाबरवायचं आणि कुठे सोडायचं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक होतं. ‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताची मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा तर आपण जन्मालाही आला नव्हता. आजीपासून नातवापर्यंत सगळं घर ती बघत होतं आणि मग तिचं चित्रीकरण झालेला आकेरीचा वाडा बघायला सहकुटुंब जात होतं. तिथे कुणी वय विचारल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा निवाडा मीच करून टाकला आहे, आपल्या माहितीसाठी कळवते. पहिला सीझन मी आधी एकटीने पुन्हा बघणार, मग रविवारी दुपारी तिच्याबरोबर, एका बैठकीत एकच भाग. चौथा सध्या नाही. ती रुसली आहे. रुसवा काढण्याची तरतूद आपल्या नियमांत असल्यास कळवावे.

आपली नम्र,
एक मार्गदर्शक पालक

ता. क. खालच्या उजव्या कोपऱ्यात राहणाऱ्या ‘पुढचा भाग’ या आपल्या शेजाऱ्याला जरा समज द्या. प्रेत पाण्याबाहेर आलं की पालकांच्या मार्गदर्शनाची खरी वेळ येते. मी तोंड उघडायच्या आत हा पठ्ठ्या पुढची गोष्ट लावून मोकळा होतो.